स्विच नेमका कोणत्या लेयरवर? अभ्यासिकेच्या कामात अडकले आहे

नंदनवनची_पोट्टी
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी नागपूरला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखा. सुट्टीत मामांसोबत साइटवर जाते. त्यांचं सीताबर्डीला कॅमेरे आणि नेटवर्किंगचं दुकान आहे.

वर्गात ओएसआय मॉडेल (नेटवर्कचं काम सात थरांत, म्हणजे लेयरमध्ये, वाटणारी चौकट) शिकवताना सरांनी फळ्यावर सात खाने काढले आणि बाजूला लिहिलं: हब पहिल्या लेयरवर, स्विच दुसऱ्या, राउटर तिसऱ्या. मी पाठ केलं, पेपरात लिहिलं, पूर्ण मार्क मिळाले. तेव्हा शंका आलीच नाही.

आता मामांनी नंदनवनमधल्या एका अभ्यासिकेचं काम घेतलं आहे. खाली मुलं बसतात, तिथेच ऑफिसचा पीसी आणि प्रिंटर आहे. वरच्या मजल्यावर ऑनलाइन परीक्षेच्या सरावासाठी ३२ पीसींची लॅब. मालकांना दोन्ही नेटवर्क वेगळी हवीत, पण लॅबमधून खालच्या प्रिंटरवर प्रिंट गेली पाहिजे आणि ऑफिसच्या पीसीवरचं प्रश्नसंचाचं फोल्डरही उघडलं पाहिजे. म्हणून मामांनी ‘लेयर ३ स्विच’ आणला. दोन व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर दोन वेगळी नेटवर्क, केले: लॅबला १०, खालच्या मजल्याला २०. स्विचवर प्रत्येक व्हीलॅनला आयपी दिला, १९२.१६८.१०.१ आणि १९२.१६८.२०.१. खाली पोर्ट कमी पडले म्हणून आठ पोर्टचा एक साधा स्विचही मध्ये आहे.

लॅबचे पीसी एकमेकांना पिंग होतात, म्हणजे ‘आहेस का?’ विचारलं की उत्तर येतं. १०.१ होतो, २०.१ पण होतो. पण ऑफिसचा पीसी, २०.१५, काही केल्या होत नाही. गेटवे (दुसऱ्या नेटवर्ककडे जायचं दार, त्याचा पत्ता) दोन्हीकडे नीट भरले आहेत, तीनदा पाहिले.

कामाचा प्रश्न हा. पण त्याहून जास्त खटकतंय ते असं: स्विच दुसऱ्या लेयरवर असेल तर त्याला आयपी कशाला लागतो? एकच वस्तू दोन लेयरवर कशी? आणि टीसीपी/आयपी मॉडेलमध्ये चारच लेयर आहेत, त्यात दुसरी इंटरनेट लेयर आहे. मग लेयर २ स्विच तिथे बसतो का? मामा म्हणतात, ‘तू कॉन्फिगर कर, लेयर कशाला मोजतेस.’ पण मला कळल्याशिवाय पुढे जाववत नाही.


मिहान_नाइटशिफ्ट
रविवार, रात्री ११.०५

ताई, लेयर ३ स्विच म्हणजे राउटरच समजा, फक्त पोर्ट जास्त. परीक्षेत दुसरी लिहायची, इंटरव्ह्यूत दोन्ही सांगायच्या.

पिंगचं म्हणाल तर राउटिंग चालू केलं आहे का ते बघा. बऱ्याच स्विचवर ते मुळात बंद असतं, ‘आयपी राउटिंग’ ही कमांड वेगळी द्यावी लागते. व्हीलॅनला आयपी दिला म्हणून राउटिंग आपोआप सुरू होत नाही.


केबलवाले_काका
सोमवार, सकाळी ६.१५

बेटा, हा प्रश्न मी कामावर ठेवलेल्या प्रत्येक पोट्ट्याला विचारत आलो आहे. उलट मला येऊन विचारणारे फार थोडे भेटले. म्हणून सविस्तर सांगतो.

तुझ्या सरांचं चूक नाही. पण त्यांनी लेयर डब्याला चिकटवली, आणि ती कामाला चिकटवायची असते. एखादा डबा समोर आला की एकच विचार: आलेला माल कुठे पाठवायचा हे ठरवताना हा कोणता पत्ता वाचून राहिला? काहीच वाचत नसेल तर लेयर १. मॅक ॲड्रेस (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) वाचत असेल तर लेयर २. आयपी वाचत असेल तर लेयर ३. एकच डबा दिवसभरात तिन्ही कामं करू शकतो.

मी १९९७ पासून नागपुरात केबल ओढतो आहे. सुरुवातीला काळी कोअॅक्स केबल असायची, प्रत्येक पीसीच्या मागे टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. झाडताना कोणाच्या हाताने एक टर्मिनेटर निघाला की अख्खं ऑफिस बसायचं. मग हब आले. हबला फक्त विजेचे इशारे कळतात. एका पोर्टवर आलं ते बाकी सगळ्या पोर्टवर जसंच्या तसं बाहेर. १० मेगाबिटचा वेग सगळ्यांनी वाटून घ्यायचा आणि दोघं एकदम बोलले की टक्कर. ही निव्वळ पहिली लेयर.

स्विच पहिल्यांदा लावला तेव्हा बाहेरून काहीच वेगळं नव्हतं, तेच पोर्ट, त्याच केबल. फरक आत होता. इथरनेटची फ्रेम येते तिचे पहिले ६ बाइट म्हणजे कोणाला द्यायची त्याचा मॅक, पुढचे ६ पाठवणाऱ्याचा मॅक, मग २ बाइट आत काय भरलं आहे त्याची खूण, मग ४६ ते १५०० बाइटचा माल, आणि शेवटी ४ बाइटची तपासणी. स्विच पाठवणाऱ्याचा मॅक वाचून शिकतो की हा अमुक पोर्टवर राहतो. घेणाऱ्याचा मॅक वाचून ठरवतो की कोणत्या पोर्टवर सोडायचं. माहीत नसेल तर त्या व्हीलॅनच्या बाकी सगळ्या पोर्टवर सोडतो. एखादा मॅक काही वेळ बोललाच नाही, बहुतेक स्विचवर ३०० सेकंद, तर त्याला यादीतून काढून टाकतो. एवढंच. या सगळ्यात आयपी कुठे वाचला? कुठेच नाही.

याचा पुरावा माझ्याच कामातला. त्या काळी कितीतरी ऑफिसांत नोव्हेल नेटवेअर असायचं आणि त्यावर आयपीएक्स चालायचं. आयपीचा पत्ताच नव्हता, तरी स्विच बिनबोभाट चालायचे. त्याच स्विचवर पुढे आम्ही आयपी चालवलं, स्विचमध्ये एक अक्षर न बदलता. दुसऱ्या लेयरवर असणं म्हणजे हे. आतल्या मालाशी देणंघेणं नाही.

‘स्विच’ हे नाव बाजाराने दिलेलं आहे, हेही लक्षात ठेव. मानकांच्या भाषेत ही वस्तू म्हणजे ब्रिज, अनेक पोर्टचा ब्रिज. आयट्रिपलई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ८०२.१क्यू, ज्याच्यातून तुझे व्हीलॅन आले, तेही आजपर्यंत ब्रिजच म्हणतं. १९९० मध्ये कल्पना नावाच्या अमेरिकन कंपनीने इथरस्विच आणला, सात पोर्टचा, आणि तिथून ते नाव रुळलं. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. एवढ्या मोठ्या बदलाच्या डब्यावर आपल्याकडचं नाव होतं याचा मला आजही आनंद वाटतो.

आता तुझा खरा प्रश्न, आयपी कशाला. कारणं दोन आहेत आणि ती वेगवेगळी ठेव. पहिलं, स्विचमध्ये एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्यात लॉगिन करायचं तर त्याला पत्ता हवा. पोस्टमनच्याही घराला पत्ता असतो, पण तो टपाल वाटतो ते स्वतःचा पत्ता बघून नव्हे. सेटिंग करायला तू स्विचचं पान ब्राउझरमध्ये उघडतेस तेव्हा स्विच हा नेटवर्कवरचा एक साधा पीसी असतो, थेट सातव्या लेयरपर्यंत. त्याच क्षणी शेजारच्या दोन पोर्टमधली फ्रेम तो दुसऱ्या लेयरवरूनच फिरवून राहिला असतो.

दुसरं कारण तुझ्या साइटवरचं. लॅबचा १०.२५ हा ऑफिसच्या २०.१५ ला काही पाठवतो. सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) बघून त्याला कळतं की हा आपल्या वस्तीतला नाही. मग तो २०.१५ चा मॅक शोधतच नाही. ‘१०.१ कोण आहे?’ असं एआरपीने (आयपीवरून मॅक विचारायची पद्धत) विचारतो, स्विच आपला मॅक सांगतो, आणि पीसी फ्रेमवर तो मॅक घालतो. आतल्या पॅकेटवर मात्र आयपी २०.१५ चाच. स्विच बघतो, फ्रेम माझ्याच नावाने आली. तो फ्रेमचं वेष्टन काढून टाकतो, आतला आयपी वाचतो, टीटीएल (पॅकेटला अजून किती टप्पे जाता येईल तो आकडा) एकाने कमी करतो, हेडरची बेरीज पुन्हा मांडतो, व्हीलॅन २० मध्ये २०.१५ चा मॅक शोधतो आणि नवी फ्रेम बांधतो. तिच्यावर पाठवणारा म्हणून स्वतःचा मॅक. आयपी दोन्हीकडे तेच राहिले, मॅक दोन्ही बदलले. ही तिसरी लेयर.

राउटर हेच करतो, त्यामुळे वर मिहानवाल्यांनी सांगितलं ते बरंचसं खरं आहे. पण लेयर ३ स्विच हे काम चिपमध्ये करतो, प्रोसेसरला न विचारता, म्हणून चोवीस पोर्ट एकदम पळाले तरी दमत नाही. उलट इंटरनेटच्या बाजूची कामं, जसं नॅट (आतले सगळे पत्ते बाहेर एकाच पत्त्याने दाखवणं), बहुतेक लेयर ३ स्विचना जमत नाहीत. म्हणून तुमचा फायबरवाला डबा काढता येणार नाही.

लेयरचा फरक मला पुस्तकात नाही, सदरमधल्या एका ऑफिसात कळला. मे महिना, बाहेर ४५ अंश. सकाळी अकराला सगळं बंद पडल्याचा फोन आला. जाऊन बघतो तर स्विचचे सगळे दिवे एकाच तालात पेटून राहिले होते, क्षणभरही उसंत नाही. कूलर नीट लागावा म्हणून कोणीतरी टेबल सरकवलं होतं. लोंबणारी पॅचकॉर्ड दिसली म्हणून भल्या मनाने भिंतीतल्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचली. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचवर येणाऱ्या दुसऱ्या सॉकेटमध्ये होतं. लूप झाला. एका पीसीने एक एआरपी विचारली, ती सगळ्यांसाठी असते म्हणून स्विचने सगळीकडे सोडली, ती फिरून परत आली, त्याने पुन्हा सोडली. केबल काढेपर्यंत ती थांबली नाही, कारण इथरनेटच्या फ्रेममध्ये टीटीएल नाही. आयपीच्या पॅकेटमध्ये आहे. तिसऱ्या लेयरवर असाच लूप झाला तर पॅकेट दर टप्प्याला एक आयुष्य गमावतं आणि जास्तीत जास्त २५५ टप्प्यांत मरतं. दुसऱ्या लेयरची फ्रेम अमर आहे. त्या दुपारी मी घामाने भिजलो होतो, पण डोक्यात पहिल्यांदा ती सात खान्यांची चौकट जिवंत झाली.

या अमर फ्रेमवरचा उपाय राडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये काढला, डीईसी कंपनीत असताना. स्पॅनिंग ट्री. स्विच आपसात बोलून ठरवतात की कोणता जास्तीचा रस्ता बंद ठेवायचा. १९९० मध्ये ते ८०२.१डी मानकात आलं. माझ्या मते ओएसआय शिकवताना हे सगळ्यात आधी शिकवायला पाहिजे, कारण दुसऱ्या लेयरला तिसरीपेक्षा वेगळी काळजी का घ्यावी लागते ते यातून कळतं.

चार लेयरचं म्हणशील तर तो निव्वळ मोजणीचा घोळ आहे. ‘लेयर २’, ‘लेयर ३’ हे आकडे नेहमी ओएसआयचे, १९८४ च्या आयएसओ मानकातले. आपण चालवतो टीसीपी/आयपी, पण आकडे बोलतो ओएसआयचे. टीसीपी/आयपीत लेयरची नावं घेतात: लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट, ॲप्लिकेशन. तुझा साधा स्विच लिंक लेयरमध्ये, ज्याच्यात ओएसआयच्या पहिल्या दोन्ही येतात. इंटरनेट लेयर म्हणजे ओएसआयची तिसरी. तिथे तुझा लेयर ३ स्विच राउटिंग करतो तेव्हाच पोचतो.

आणि चौकट कुठेकुठे गळते, ती गळू दे. मामांच्या कॅमेऱ्यांना त्याच केबलमधून वीज जाते ना? ८०२.३एएफच्या हिशेबाने एका पोर्टमागे १५.४ वॉट. ते पहिल्या लेयरचं काम, स्विचच करतो. स्विचवर एसीएल (काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं याची यादी) लावून एखादा टीसीपी पोर्ट अडवला तर तो चौथ्या लेयरचा मजकूर वाचतो आहे. त्याने तो चौथ्या लेयरचा डबा होत नाही.

आता काम. ऑफिसच्या पीसीच्या मागे लागण्याआधी वरून खालचा प्रिंटर पिंग कर. प्रिंटरमध्येही गेटवे २०.१ भरलेला असला पाहिजे, लोक तो हमखास विसरतात. उत्तर आलं तर राउटिंग चालू आहे, दोष ऑफिसच्या पीसीत. आणि उत्तरातला टीटीएल वाच. आम्हाला इथे आकडा सांग.


लॅब_सांभाळणारी
सोमवार, दुपारी १.२०

काकांनी लेयर समजावल्या, मी फक्त त्या पीसीबद्दल बोलते. मी एका कॉलेजची लॅब सांभाळते आणि हे दर वर्षी पाहते.

विंडोजच्या फायरवॉलमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंगच्या गटात पिंगला उत्तर देणारा नियम असतो. नेटवर्क प्रायव्हेट किंवा पब्लिक असेल तर त्या नियमाची व्याप्ती ‘लोकल सबनेट’ एवढीच असते. म्हणजे स्वतःच्या सबनेटमधल्याला उत्तर मिळतं, दुसऱ्या सबनेटमधून आलेल्याला नाही. लॅबचे पीसी एकमेकांना पिंग होतात आणि खालचा होत नाही, ते यामुळेच असणार. स्विचवरून, म्हणजे २०.१ वरून, २०.१५ ला पिंग करून बघ. ते झालं तर माझा अंदाज पक्का.

फोल्डरसाठी पोर्ट ४४५ चा वेगळा नियम आहे, त्याचीही व्याप्ती तशीच असते. दोन्हींमध्ये १९२.१६८.१०.० ची रेंज जोड, किंवा एकाच पीसीवरून फोल्डर उघडायचं असेल तर फक्त त्या पीसीचा पत्ता. घाईघाईने अख्खी फायरवॉल बंद करू नकोस. परीक्षेचे प्रश्न त्या पीसीवर आहेत आणि वर रोज नवी मुलं बसणार आहेत.


नंदनवनची_पोट्टी
मंगळवार, रात्री ८.५०

काका, ताई, आज दिवसभर साइटवर होते. एकेक सांगते.

मिहानवाले दादा, राउटिंग चालू होतं, मी कमांड आधीच दिली होती. पण तुम्ही सांगितल्यावर पुन्हा तपासलं.

प्रिंटरमध्ये गेटवेच नव्हता! तो भरला आणि वरून पिंग केलं, लगेच उत्तर, टीटीएल ६३. मला आधी कळेना की ६३ हा कुठला आकडा. मग खालच्या मजल्यावर लॅपटॉप व्हीलॅन २० मध्ये लावून तोच प्रिंटर पिंग केला तर ६४. मी ते दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि कितीतरी वेळ बघत बसले. तो एकाचा फरक म्हणजे आमचा स्विच!

ताईंचा अंदाज बरोबर निघाला. स्विचवरून २०.१५ पिंग झाला, लॅबमधून नाही. दोन्ही नियमांत फक्त वरच्या पर्यवेक्षकांच्या पीसीचा पत्ता जोडला. आता त्या पीसीवरून फोल्डर उघडतं आणि पिंगला टीटीएल १२७ येतो. लॅबमधल्या लॅबमध्ये १२८. त्याच पीसीवर एआरपीची यादी काढली तर तिच्यात २०.१५ नावालाही नाही, फक्त १०.१ चा मॅक आणि शेजारचे पीसी. काकांनी लिहिलं होतं तसंच.

मामांनाही दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण वही मागून घेतली आणि तो आकडा स्वतः पुन्हा करून पाहिला.

एक नवीन शंका. ट्रेसरूट केलं तर दोनच ओळी आल्या: पहिली १०.१, दुसरी २०.१५. पण मध्ये खालचा तो आठ पोर्टचा स्विच आहे, ऑफिसचा पीसी त्यालाच जोडलेला आहे. त्याचं नाव का नाही आलं?


केबलवाले_काका
मंगळवार, रात्री ९.३०

छान काम केलंस बेटा. ६४ आणि ६३ एकाखाली एक लिहिलेस तेवढ्याने माझं लिहिणं सार्थकी लागलं.

तो दिसणार नाही. ट्रेसरूट चालतं ते टीटीएल संपण्यावर. आधी १ टीटीएलचं पॅकेट सोडायचं. ज्याच्या हातात ते मरतं तो ‘माझ्याकडे संपलं’ असं कळवतो, आणि त्याचा आयपी ओळीत येतो. मग २ चं पॅकेट, असं पुढे. आठ पोर्टचा स्विच टीटीएलला हातच लावत नाही. पॅकेट त्याच्या हातात मरत नाही, म्हणून तो कळवतही नाही. त्याच्याकडे कळवायला आयपीसुद्धा नाही. असे दहा स्विच ओळीने लाव, ट्रेसरूटला दोनच ओळी येतील. ज्याचं नाव आलं तो त्या पॅकेटसाठी तिसऱ्या लेयरवर होता.

पण म्हणूनच त्या छोट्या डब्याची मला काळजी वाटून राहिली. साध्या स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नसते. तो अभ्यासिकेत, मुलांच्या हाताशी आहे. एखाद्याने लॅपटॉपची केबल म्हणून पॅचकॉर्डची दोन्ही टोकं त्याच्यातच खोचली तर खालचा मजला बसेल, आणि तिथून मोठ्या स्विचवरच्या अख्ख्या व्हीलॅन २० मध्ये पूर येईल. उद्या जाशील तेव्हा मोठ्या स्विचच्या ज्या पोर्टवरून तो निघतो, तिथे लूप प्रोटेक्शन किंवा बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा संदेश त्या पोर्टवर आला की पोर्ट बंद करणारी सोय) चालू कर. मग मामांना सांगून तो टेबलाखालून काढून ऑफिसच्या कपाटात लावून घे. केबल दोन मीटर जास्त लागेल, लागू दे.


नंदनवनची_पोट्टी
मंगळवार, रात्री ९.४५

बीपीडीयू गार्ड सापडलं, मेनूमध्ये आहे. कपाटाची चावी मालकांकडे असते, सकाळी दहाला उघडतात. तेव्हाच लावते आणि मुद्दाम लूप करून पोर्ट बंद होतो का ते पाहते, मुलं यायच्या आधी.